पाळकाचा गुन्हा व मंडळीचे मौन

आमची नोकरी खेड्यातल्या शाळेत आणि बिऱ्हाड अकोल्यास जठारपेठेत. एका रविवारी दुपारी एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. निंदणखुरपणाच्या मजुरीवर पोट भरणारी. तिची मुलगी आमच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेली. घर ख्रिस्ती. बाईने पाणी घेतले, पण बसेना. मग हळूच म्हणाली, "गुर्जी, पाद्रीसायबाची तक्रार कोठी द्या लागते?"

हकीकत थोडक्यात अशी. मंडळीचा प्रमुख म्हणविणारा एक इसम "तुझ्यासाठी विशेष प्रार्थना करावयाची आहे" असे सांगून त्या पोरीला वेळी-अवेळी एकटीला बोलावी, आणि प्रार्थनेच्या नावाखाली त्याने जे केले ते लिहिण्यास लेखणी कचरते. पोरीने आईला सांगितले. आई मंडळीच्या वडीलजनांकडे गेली. चार वडील बसले, प्रार्थना झाली, त्या इसमाने डोळ्यांतून पाणी काढले, आणि ठरले असे की, प्रभूने क्षमा केली आहे तेव्हा बाईनेही करावी, व पाळकसाहेबांनी पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या गावी सेवेस जावे. "आन् त्या गावात बी पोरी हायेतच ना, गुर्जी?" एवढे बोलून ती बाई रडू लागली.

गाव, पंथ व माणसांची नावे आम्ही देत नाही. अशा प्रकरणात लेकराची ओळख फोडण्यास कायद्याची मनाई आहे, आणि मनाई नसती तरी आम्ही ती फोडली नसती. शिवाय खटल्याचा निकाल न्यायाधीशाने द्यावयाचा असतो, वर्तमानपत्राने नव्हे. पण आमच्या स्वतःच्या मनाची त्या वेळी काय दशा झाली ते मात्र झाकून ठेवीत नाही. पहिला विचार असा आला की, गावात बोभाटा होईल, पोरीचे लग्न अडेल, आपल्याला साक्षीसाठी कोर्टाचे खेटे घालावे लागतील. म्हणजे त्या चार वडीलजनांनी जे केले तेच करावयास हा मास्तरही घटकाभर तयार झाला होता! मग बाईचा तो प्रश्न पुन्हा कानात घुमला, आणि त्याच संध्याकाळी तिच्या संगतीने आम्ही पोलीस ठाण्याची पायरी चढलो.

तेव्हापासून हा विषय मनात घोळतो आहे. आमचे म्हणणे असे की, धर्मगुरूने कोणाच्या अब्रूवर हात टाकला तर तो गुन्हा त्या एकट्याचा; पण मंडळीने तो झाकला की तो साऱ्या मंडळीचा होतो. सबब अशा वेळी ठाणे आधी व प्रार्थना मागाहून, हाच क्रम असला पाहिजे.

आता कोणी म्हणेल, शेतकरी-कारागिरांच्या पत्राने ख्रिस्ती मंडळीच्या घरात डोकावण्याचे कारण काय? कारण असे की, वऱ्हाडातील ख्रिस्ती म्हणजे कोणी परदेशातून आलेले लोक नव्हेत. ते आमचेच भाऊबंद. त्यांच्या आज्या-पणज्यांनी शिवाशिवीला व उपासमारीला कंटाळून देव बदलला. पण बोली बदलली नाही, भाकर बदलली नाही, मजुरीही बदलली नाही. त्यांची पोर ती आमची पोर. दुसरे कारण असे की, देव व माणूस यांच्यामध्ये दलाल नको, हे सत्यशोधक समाज २४ सप्टेंबर १८७३ पासून सांगत आला. त्या विचाराचा माणूस दलालाच्या अंगावर सोवळे आहे, भगवी कफनी आहे की पांढरा झगा आहे, हे पाहात बसत नाही.

म्हणून प्रथम एक जुनी गोष्ट ऐका. तिच्यातला गुरू ख्रिस्ती नव्हता. मुंबईत पुष्टिमार्गी वैष्णव पंथाचे गुरू 'महाराज' म्हणवीत. शिष्यांनी तन, मन, धन गुरूस अर्पावे असा उपदेश चाले, आणि त्यातील 'तन' शिष्यांच्या बायका-लेकींपर्यंत नेऊन पोहोचविण्यात येई. करसनदास मुळजी या तरुण गुजराती संपादकाने आपल्या 'सत्यप्रकाश' पत्रात २१ ऑक्टोबर १८६० रोजी याविरुद्ध उघड लिहिले. जदुनाथजी महाराजांनी अब्रूनुकसानीचा दावा लावून ५०,००० रुपये मागितले. तेव्हा भाटिया जातीच्या शेटियांनी काय केले? लेकीबाळींची बाजू घेतली काय? छे! महाराजांविरुद्ध कोणी साक्ष देऊ नये, देईल तो जातीबाहेर, असा कट करून सह्या घेतल्या. कोर्टाने त्याबद्दल त्यांना दंड ठोठावला. पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी महाराजांच्या गुप्तरोगावर आपण औषध दिल्याचे भर कोर्टात सांगितले, आणि २२ एप्रिल १८६२ रोजी करसनदासांच्या बाजूने निकाल लागला. या गोष्टीत गुरूचा अपराध एक, व जातीच्या पुढाऱ्यांचा अपराध दुसरा. आमच्या मते दुसरा पहिल्याहून लहान नाही. कारण पहिल्याला बळ दुसऱ्यानेच दिले.

त्याच खटल्यात करसनदासांच्या बाजूने साक्ष देणाऱ्यांत स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन हेही होते. एक पाद्री दुसऱ्या धर्मातील गुरूंच्या अनाचाराविरुद्ध कोर्टात उभा राहिला. त्याबद्दल त्यांना कोणी दोष देऊ नये, उलट धन्यवादच दिले पाहिजेत. पण जे माप दुसऱ्याच्या घरी नेले, तेच माप आपल्या घरी आणावयास नको काय?

आमच्या अकोल्याचेच घ्या. अलायन्स मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वऱ्हाडात आहे. दुष्काळात पोरक्या झालेल्या लेकरांना या मिशनने जेवू घातले, ही गोष्ट कोणीही प्रामाणिक माणूस नाकारणार नाही. याच मिशनच्या जेनी फुलर बाईंनी हिंदी स्त्रियांच्या दुःखांवर इंग्रजीत एक पुस्तक लिहिले. ते १९०० साली निघाले. बालविवाह, विधवांचे हाल, आणि खंडोबाला वाहिलेल्या मुरळ्या व देवळांतल्या देवदासी यांची कर्मकहाणी त्यात आहे. देवाच्या नावाने पोर सोडावयाची व माणसांनी तिचा भोग घ्यावयाचा, हे पाप त्या बाईंनी जगापुढे मांडले. आमच्या लोकांना तेव्हा ते झोंबले असेल. पण ते खरे होते. मुरळ्या सोडण्याविरुद्ध पुढे आमच्याच समाजसुधारकांनी झगडा केला व कायदेही झाले.

आता याच पंथाचा एक दाखला पाहा. रवी झकरिया या नावाचे मोठे प्रवचनकार होऊन गेले. जन्म १९४६ साली मद्रासेस, कर्मभूमी कॅनडा व अमेरिका, कीर्ती साऱ्या जगात. त्यांना धर्मसेवेची दीक्षा अलायन्स पंथानेच दिलेली. २०१७ साली कॅनडातील एका बाईने त्यांच्यावर आरोप केला. गृहस्थांनी उलट तिच्यावरच दावा ठोकला, आणि प्रकरण गुप्ततेच्या करारात बांधून मिटविण्यात आले. पंथाने चौकशी केली व शिक्षेला आधार दिसत नाही असे सांगितले. २०२० च्या मे महिन्यात ते वारले. मोठमोठ्यांनी गौरव केला. नंतर त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या बाहेरच्या वकिलांनी शोध घेतला आणि २०२१ च्या फेब्रुवारीत अहवाल बाहेर आला. मालिश करणाऱ्या गरजू बायकांना त्यांनी वर्षानुवर्षे नासविले, एकीवर बलात्काराचा आरोप, आणि तिला मदत मिळे ती संस्थेच्या धर्मादाय पैशातून. त्या बाईने सांगितले की, तू बोललीस तर माझे नाव बुडेल, आणि माझे नाव बुडाले तर लाखो आत्म्यांचे तारण हुकेल व त्याचे पाप तुझ्या माथी, अशी भीती तिला घालण्यात आली होती. मग पंथाने त्यांची दीक्षा काढून घेतली. पण कोणाची? मेलेल्या माणसाची! जिवंतपणी बायका ओरडत होत्या तेव्हा ऐकले असते तर त्यांना न्याय मिळाला असता, आणि पंथाची लाजही राहिली असती.

लाखो आत्म्यांची ती धमकी नीट ध्यानात ठेवा. सोवळ्यातला गुरू म्हणतो, बोलशील तर नरकात जाशील. कफनीतला बुवा म्हणतो, बोलशील तर तुझ्या घरादाराचा सत्यानाश होईल. झग्यातला पाळक म्हणतो, बोलशील तर प्रभूचे काम मोडेल. भाषा तीन, पण कुलूप एकच, आणि ते बाईच्या तोंडाला.

मुंबईचा दाखला तर आपल्या दाराशीच आहे. २०१५ साली तेथील एका कॅथलिक चर्चमध्ये १३ वर्षांच्या मुलावर धर्मगुरूने अत्याचार केला. घरच्यांनी आर्चबिशपांकडे धाव घेतली. ते तेव्हा रोमच्या प्रवासाला निघावयाचे होते. पोलिसांत जाण्याचे काम शेवटी घरच्यांवरच येऊन पडले. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी २०१९ साली बी. बी. सी. ला सांगितले की, आपल्यापुढे आलेल्या तक्रारी याहून चांगल्या रीतीने हाताळता आल्या असत्या. त्याच फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस यांनी मुलांच्या संरक्षणासाठी रोम येथे जगभरच्या बिशपांची परिषद भरविली, तिच्या आयोजकांत हेच कार्डिनल होते! मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्या धर्मगुरूला जन्मठेप दिली ती २०२१ च्या डिसेंबरात. सहा वर्षे एका लेकराने वाट पाहिली. ज्यांनी कबुली दिली त्यांच्या कबुलीची आम्ही थट्टा करीत नाही. चूक मान्य करणारा न करणाऱ्यापेक्षा बरा. पण थोर माणसाच्या हातूनही असे व्हावे, याचा अर्थ हा की केवळ चांगल्या मनावर भिस्त ठेवून भागत नाही, नियमच पाहिजे.

कॅथलिकांत निदान वर बिशप आहे, अमरावतीस १९५५ पासून त्यांचा धर्मप्रांत आहे. जुन्या मिशनांना आपापल्या सभा आहेत. पण आजकाल जागोजागी ज्या स्वतंत्र प्रार्थना-मंडळ्या निघाल्या आहेत, तेथे पाळक तोच, खजिनदार तोच, आणि पुष्कळदा घरमालकही तोच. त्याच्यावर कोण? पंजाबात बजिंदर सिंग नावाचा असाच एक चमत्कारी पाळक हजारोंच्या सभा भरवी. २०१८ च्या बलात्काराच्या प्रकरणात मोहालीच्या न्यायालयाने त्याला १ एप्रिल २०२५ रोजी जन्मठेप दिली. म्हणजे एका बाईला सात वर्षे कोर्टाची वाट तुडवावी लागली. जिथे विचारणारा कोणी नाही तिथे चमत्काराला ऊत येतो, हे आम्हा वऱ्हाडकरांना निराळे सांगावयास नको.

आता बदलीविषयी. आपल्या बाईच्या मंडळीने जो तोडगा काढला तो काही नवा नाही. अमेरिकेतील बॉस्टन शहरात २००२ साली तेथील वर्तमानपत्राने उघड केले की, पोरांना छळणाऱ्या धर्मगुरूंना वरिष्ठ एका चर्चमधून उचलून दुसऱ्या चर्चमध्ये नेऊन ठेवीत. नव्या गावाला कोणी काही सांगत नसे. तेथील कार्डिनल लॉ यांना त्या डिसेंबरात पद सोडावे लागले. पुढे २००४ साली खुद्द बिशपांनीच करविलेल्या अभ्यासात आढळले की, १९५० ते २००२ या काळात अमेरिकेत ४,३९२ कॅथलिक धर्मगुरूंवर असे आरोप झाले होते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर, पिसाळलेले कुत्रे आपल्या वाड्यातून हुसकून शेजाऱ्याच्या वाड्यात सोडावे तशी ही बदली. हुसकणारा म्हणतो, मी बंदोबस्त केला. शेजाऱ्याच्या लेकराला चावा बसतो तेव्हा तो दोष कोणाचा?

ख्रिस्ती बांधवांना आम्ही त्यांच्याच शास्त्रातली एक गोष्ट आठवून देतो. दावीद राजाने उरीया नावाच्या शिपायाची बायको बथशेबा हिला आपल्या वाड्यात आणविले आणि शिपायाला लढाईत मारविले. तेव्हा नाथान संदेष्टा राजापुढे उभा राहिला. त्याने एका श्रीमंताची कथा सांगितली, की घरी पुष्कळ शेरडेमेंढरे असता त्याने गरिबाची एकुलती एक मेंढी कापून पाहुण्याला जेवू घातले. राजा संतापला, म्हणाला, असा माणूस मरावयास पात्र आहे. नाथान म्हणाला, तो माणूस तूच. पाहा, संदेष्ट्याने राजाची बदली दुसऱ्या राज्यात केली नाही! राजाने देवळे बांधण्याचे मनोरथ केले आहेत, तेव्हा गप्प बसावे, असेही म्हटले नाही. मंडळीच्या वडीलजनांनी आपल्याला नाथानाचे वारस समजावे की त्या राजाच्या हुजऱ्यांचे, हे त्यांनीच ठरवावे.

यावर जे आक्षेप घेतात त्यांतील तीन आम्ही स्वतः ऐकले आहेत. त्यांचा विचार करू.

पहिला आक्षेप क्षमेचा. क्षमा हा ख्रिस्ती धर्माचा प्राण, असे म्हणतात, असेल. पण क्षमा करण्याचा हक्क कोणाचा? ज्याचे घर लुटले त्याचा, की पंचांचा? चार वडीलजनांनी त्या पोरीच्या वतीने क्षमा करून टाकली, हा कोठला न्याय? शिवाय पाप निराळे व गुन्हा निराळा. पापाचा हिशेब देवापुढे, गुन्ह्याचा सरकारापुढे. चोराने पश्चात्ताप केला म्हणून चोरलेला बैल त्याच्याच गोठ्यात राहू देत नाहीत. खरा पश्चात्ताप असेल तर तो इसम स्वतःच्या पायाने ठाण्यात जाईल. कॅथलिकांत पापकबुलीचे बोल गुप्त राखण्याचे बंधन आहे, असेही सांगतात. पण आईने बिशपाला सांगितलेली तक्रार ही काही तिची पापकबुली नव्हे! पोप फ्रान्सिस यांनीच २०१९ च्या डिसेंबरात अशा प्रकरणांवरचा धर्मसत्तेच्या गुप्ततेचा पडदा काढून टाकला, आणि त्याआधी त्याच वर्षीच्या मे महिन्यात हुकूम काढून तक्रार घेण्याची उघड सोय प्रत्येक धर्मप्रांतात करावयास लावली. ही गोष्ट खेड्यातल्या बाईला कोणी सांगितली आहे काय?

दुसरा आक्षेप बदनामीचा. "आम्ही मूठभर लोक; आधीच धर्मांतराचे बालंट आमच्यावर येते; घरची गोष्ट चव्हाट्यावर आली तर वैऱ्यांच्या हाती कोलीत मिळेल." ही भीती खोटी नाही. २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकही पुरता नाही. तथापि आम्ही विचारतो, कोलीत कोणाच्या हाती मिळते? स्वतः उठून गुन्हेगाराला कायद्याच्या हाती देणाऱ्या मंडळीकडे वैरीही बोट दाखवू शकत नाही. सहा वर्षांनी, दहा वर्षांनी झाकलेले बाहेर येते तेव्हाच गावभर आग लागते. आणि अल्पसंख्य समाजातली गरीब पोर ही त्या अल्पसंख्यांतली अल्पसंख्य. समाजाच्या अब्रूचे ओझे तिच्याच डोक्यावर का?

तिसरा आक्षेप खोट्या आरोपाचा. कोणी द्वेषाने आळ घेईल, मग निरपराध पाळकाने काय करावे? प्रश्न रास्त आहे. जालंधरचे बिशप फ्रँको मुळक्कल यांच्यावर केरळातील एका जोगिणीने २०१८ साली बलात्काराची फिर्याद दिली. जानेवारी २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तो निकाल आहे, व तो मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. पण ध्यानात घ्या की, निर्दोष असल्याचा निकालसुद्धा न्यायालयातूनच मिळाला. चार धर्मबंधूंच्या बैठकीतून तसा कधीच मिळाला नसता. बैठकीत मिटविलेल्या प्रकरणात अपराधी सुटतो आणि निरपराध्यावरचा डाग जन्मभर राहतो. शिवाय त्या जोगिणीच्या सोबतिणींना २०१८ च्या सप्टेंबरात कोचीच्या रस्त्यावर धरणे धरून बसावे लागले, ते काय हौसेने? घरात कोणी ऐकेना म्हणून त्या रस्त्यावर आल्या. तक्रार खरी की खोटी हे न्यायाधीशाने ठरवावे; पण तक्रार ऐकणे हे मंडळीचे कर्तव्य होते.

मग मंडळीने करावे काय? आम्ही कायदेपंडित नव्हे. पण जे कायद्यात आहे व जे साध्या माणुसकीत आहे ते सांगतो.

पहिले, लेकरू १८ वर्षांच्या आतले असेल तर मंडळीला निवडीचा हक्कच नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला गुन्ह्याची माहिती झाली त्याने ती पोलिसांना दिलीच पाहिजे. न देणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा झाकला तर एक वर्षापर्यंत. हे पाळकाला लागू, बिशपाला लागू आणि आम्हा मास्तरांनाही लागू. धर्मसंस्थेतील माणसाने तेथील लेकरावर असा अत्याचार केला तर कायदा तो अधिक भारी गुन्हा समजतो. बाई सज्ञान असेल तर फिर्याद द्यावी की नाही हे तिने ठरवावे. मंडळीने तिला अडवू नये, आणि "तिचीही मर्जी होती" असे म्हणून हात झटकू नयेत. गुरू-शिष्येचे नाते बरोबरीचे नसते. विश्वासाच्या जागेचा गैरफायदा घेऊन भोग घेणे हाही कायद्याने गुन्हाच आहे.

दुसरे, तक्रार आली त्या दिवसापासून त्या इसमाने उपासना, प्रभुभोजन, मुलांचे वर्ग, प्रार्थनेसाठी घरोघर जाणे, सारे थांबवावे. ही शिक्षा नव्हे. सरकारी नोकरालाही चौकशीपर्यंत दूर ठेवतात. बदली मात्र मुळीच नको.

तिसरे, मंडळीची आतली चौकशी करणाऱ्या पंचांत निम्म्याहून अधिक बायका असाव्यात, आणि निदान दोघे पंच मंडळीबाहेरचे असावेत. दहा वा अधिक माणसे कामाला असलेल्या मिशनच्या शाळेत व दवाखान्यात २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार समिती असलीच पाहिजे. दहाच्या आतल्या ठिकाणच्या नोकरदार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते.

चौथे, प्रत्येक पाळकाच्या मागची लेखी हकीकत नव्या गावाच्या मंडळीला वाचून दाखवावी. बैल विकत घेताना आपण दात पाहतो, खोड विचारतो. लेकरे ज्याच्या हवाली करावयाची त्याची खोड विचारू नये काय?

पाचवे, पोरीचा डॉक्टरचा, वकिलाचा व जाण्यायेण्याचा खर्च मंडळीच्या पेटीतून व्हावा. पाळकाच्या वकिलासाठी वर्गणी निघते, पोरीच्या मजुरी बुडालेल्या आईसाठी का निघू नये? त्याच्या मोबदल्यात गप्प राहण्याचा कागद मात्र कोणी लिहून घेऊ नये.

आता आमच्या ख्रिस्तीतर वाचकांना दोन शब्द. हे वाचून कोणी मिशीला पीळ देत असेल तर त्याने हात खाली घ्यावा. छिंदवाड्याच्या गुरुकुलात शिकणाऱ्या मुलीवरील अत्याचाराबद्दल आसाराम बापूला जोधपूरच्या न्यायालयाने २५ एप्रिल २०१८ रोजी जन्मठेप दिली. त्या प्रकरणांतील साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे प्राण गेले. तो कोणाचा गुरू होता? बदलापूरच्या शाळेत २०२४ साली चिमुकल्या पोरींवर अत्याचार झाला, आणि वेळीच खबर न दिल्याचा ठपका शाळेच्या चालकांवर आला. ती तर आम्हा मास्तरांची जात! ज्याच्यापुढे मान खाली घालावयास लेकराला शिकविले, त्याच्यापुढे 'नाही' म्हणावयासही शिकविले पाहिजे. मग तो बुवा असो, पाळक असो, मौलवी असो की मास्तर असो. आणि लाज पोरीची नव्हे, हेही शिकविले पाहिजे. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढून फसलेल्या विधवांना दार उघडले, तेव्हा त्यांनी त्या बायकांना जात विचारली नाही. आणि त्या जातीच्या पुढाऱ्यांनी मात्र दार लावून घेतले होते.

शेवटी ज्यांना आज गरज आहे त्यांच्यासाठी. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्याने फिर्याद नोंदवून घेतलीच पाहिजे. तिची नक्कल फुकट मिळते. लेकराचा जबाब होता होईतो बाई अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, लेकराच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तेथे घ्यावयाचा असतो. लेकरांसाठी १०९८ व पोलिसांसाठी ११२ हे आकडे फुकट लागतात. ते चर्चच्या दारावर, देवळाच्या ओट्यावर, मशिदीच्या भिंतीवर व शाळेच्या फळ्यावर ठळक लिहून ठेवावेत.

त्या बाईची पोर पुन्हा शाळेत जाऊ लागली आहे. बाई मात्र रविवारी उपासनेला गेली की तिच्या बाकावर शेजारी कोणी बसत नाही. "मी देव सोडला नाही, गुर्जी," ती परवा म्हणाली, "लोकायनंच मले सोडलं." मंडळीचे वडीलजन हे वाचीत असतील, तर त्यांना आमची विनंती एवढीच की, कायद्याचे जे व्हावयाचे ते होईल, येत्या रविवारी त्यांच्यापैकी एकाने आपल्या घरच्या बाईसह उठून त्या बाकावर जाऊन बसावे.

एक शाळामास्तर, जठारपेठ, अकोला